खाऊचे पान हवे, पण नियमांसह

आपल्या वार्तापत्रात खाण्यापिण्यावर एक कायमचे पान असावे की नसावे, यावर सध्या पालकांत आणि विश्वस्तांत बरीच चर्चा चालू आहे. निमित्त तसे छोटेच. आठवी-नववीच्या मुलांना मराठीच्या तासाला 'आमच्या भागातील आवडते खाण्याचे ठिकाण' या विषयावर लिहायला सांगितले होते. एरवी निबंध म्हटला की पानभर लिहिताना कुरकुरणारी मुले या विषयावर तीन-तीन पाने लिहून आली! ते लेख छापावेत असा मुलांचा आग्रह आहे. काही विश्वस्तांनी मात्र रास्त शंका काढल्या आहेत. शाळेचे वार्तापत्र म्हणजे हॉटेलांच्या जाहिरातीची जागा आहे का? मुलांना रस्त्यावर खाण्याचे उत्तेजन द्यायचे का? आणि घरच्या पाककृती छापायच्या तर डब्याडब्यांत तुलना सुरू होणार नाही का?

या तिन्ही शंका मनात ठेवूनच आम्ही लिहीत आहोत. आमचे मत असे की हे पान हवे, दर अंकात हवे, पण त्याला नियम हवेत. अर्धे पान बाहेरच्या खाण्याचे आणि अर्धे घरच्या स्वयंपाकाचे असावे. का, ते सांगतो.

आधी आपला परिसर पाहा. विद्यानगरला एका बाजूने उस्मानिया विद्यापीठाचा शेजार, दुसऱ्या बाजूला नल्लाकुंटा, पलीकडे अडिकमेट आणि रामनगर. आर्ट्स कॉलेज, जामिया उस्मानिया, विद्यानगर, काचीगुडा अशी एमएमटीएसची स्थानके ओळीने लागतात. विद्यापीठ जवळ म्हणून वसतिगृहे, वसतिगृहे म्हणून मेस, आणि मेसला कंटाळलेल्या पोरांसाठी टिफिन सेंटरे, बंड्या आणि करी पॉइंट. घरी फक्त भात लावायचा आणि पप्पु, भाजी, सांबार, पच्चडी पिशवीत बांधून आणायचे, ही करी पॉइंटची सोय पुण्या-नाशिकच्या पाहुण्यांना आजही नवलाची वाटते. 'टिफिन' या शब्दाचेच पाहा. पुण्यात टिफिन म्हणजे डबा. आपल्याकडे 'टिफिन झालं का?' म्हणजे सकाळचा नाश्ता झाला का! आपली मुले हा शब्द दोन्ही अर्थांनी सहज वापरतात. असा परिसर लिहिणाऱ्याला आयता विषय देतो. तो आपण वाया का घालवावा?

युनेस्कोने ऑक्टोबर २०१९ मध्ये हैदराबादला पाककलेसाठी सर्जनशील शहरांच्या यादीत स्थान दिले. बिर्याणी आणि हलीमवर लिहिणारे पुष्कळ आहेत आणि पुढेही होतील. पण सकाळी सहा वाजता वाफेवरच्या इडल्या काढणाऱ्या बंडीवर कोण लिहिणार? संध्याकाळी रस्त्याच्या कडेला बसून ज्वारीच्या भाकरी, म्हणजे इथल्या भाषेत जोन्न रोट्टे, थापणाऱ्या बाईंवर कोण लिहिणार? त्यांच्याकडून रोज खाणाऱ्यांनीच लिहायला हवे. आणि त्यात आपली मुले आहेतच.

आता पहिला मुद्दा भाषेचा, कारण मराठी शाळेला तो सगळ्यात जवळचा. मुलांच्या लेखांत आम्हाला एक गोष्ट प्रकर्षाने जाणवली. चव सांगायला त्यांच्याजवळ मोजके तीन शब्द आहेत: 'मस्त', 'सुपर' आणि 'बकवास'. ही मुले हुशार आहेत, पण रस्त्यावर तेलुगू, मित्रांत हिंदी, वर्गात इंग्रजी, आणि मराठी घरात, तीही आजी असेपर्यंत, अशी त्यांची स्थिती आहे. मराठीत चवीचे आणि स्पर्शाचे शब्द किती आहेत! डोसा खरपूस असतो, कडेने कुरकुरीत आणि मध्ये जाळीदार असतो. इडली लुसलुशीत असते, नाहीतर दडस. करंजी खुसखुशीत, चिवडा खमंग, आमटी झणझणीत किंवा मिळमिळीत. पाणी मचूळ लागते, दूध करपते, पीठ आंबूस होते, भजी तेलकट आणि पोळी वातड होते. हे शब्द व्याकरणाच्या पुस्तकातून पाठ होत नाहीत. 'बकवास' लिहिलेल्या मुलाला 'म्हणजे नेमके काय होते रे?' असे विचारले की तो विचार करतो, घरी विचारतो, आणि त्याला शब्द सापडतो. नेमका शब्द शोधण्याची ही सवय त्याला पुढे विज्ञानाचा प्रयोग लिहितानाही उपयोगी पडेल.

दुसरा मुद्दा न्यायाचा. कोणाच्या दुकानावर लिहिणे म्हणजे त्याच्या पोटावर लिहिणे होय, हे मुलांना समजलेच पाहिजे. निंदा तर सोडाच, कौतुकही किती भारी पडू शकते याचे उदाहरण आपल्याच शहरात घडले. माधापूरमध्ये रस्त्याच्या कडेला जेवण विकणाऱ्या 'कुमारी आंटी' चित्रफितींमुळे एकाएकी प्रसिद्ध झाल्या. २०२४ च्या जानेवारीत तिथे एवढी गर्दी लोटली की वाहतूक अडू लागली आणि पोलिसांनी ते ठिकाण बंद करायला लावले. प्रकरण थेट मुख्यमंत्र्यांपर्यंत गेले आणि त्यांनी सांगितल्यावर आंटींना पुन्हा तिथे व्यवसाय करता आला. कौतुक करणाऱ्या कोणाच्याही मनात त्यांचे नुकसान करण्याचा हेतू नव्हता. तरी संकट आलेच! मोठ्या हॉटेलला एक वाईट अभिप्राय म्हणजे हत्तीला मुंगी चावल्यासारखे. पण दिवसाला ठराविक पीठ भिजवणाऱ्या बंडीवाल्याचे दोन दिवस रिकामे गेले तर त्याच्या मुलाची फी थकते. आणि तो मुलगा कदाचित आपल्याच गल्लीत राहतो.

म्हणून नियम हवेत. आम्ही सुचवतो ते असे:

१. पैसे देऊन खावे. ओळखीने किंवा फुकट खाऊन लिहू नये. फ्रान्समधल्या मिशेलिन या टायर कंपनीने १९०० साली वाहनचालकांसाठी मार्गदर्शक पुस्तिका काढली आणि १९२६ पासून तिच्यात उत्तम उपाहारगृहांना तारे मिळू लागले. त्यांचे परीक्षक आपली ओळख न देता जेवतात आणि बिल भरतात. जगभर या पुस्तिकेचा दबदबा आहे त्यामागे ही शिस्त आहे. आपल्या मुलांना दहा-वीस रुपयांच्या टिफिनसाठी तीच शिस्त पाळता येईल.

२. निदान तीनदा जावे, आणि वेगवेगळ्या वेळी जावे. एखाद्या दिवशी पीठ नीट आंबत नाही. थंडीत तर हमखास. एका दिवसावरून कोणाला नापास करू नये. परीक्षेत आपल्यालाही पुनर्परीक्षा मिळतेच की!

३. चव, स्वच्छता आणि वागणूक या तीन गोष्टींवर वेगवेगळे लिहावे. चटणी आवडली नाही ही आपली आवड झाली. चटणीचे भांडे उघडे होते हे निरीक्षण झाले. दोन्हींची गल्लत करू नये.

४. चांगले लिहायचे तर नाव द्यावे. वाईट लिहायचे असेल तर नाव न देता, आधी त्या माणसाला नम्रपणे सांगावे. 'अण्णा, चटणी आज थोडी आंबूस लागते' एवढे म्हणायला धैर्य लागते. मागून लिहायला लागत नाही.

५. छापण्यापूर्वी मराठीच्या शिक्षकांनी आणि एका पालकाने मजकूर वाचावा. कोणत्याही दुकानदाराकडून या पानासाठी देणगी किंवा जाहिरात घेऊ नये. हा नियम विश्वस्तांनीच घालून द्यावा. मग जाहिरातीची शंका आपोआप मिटते.

आता आरोग्याचे. 'रस्त्यावर खाऊ नका' असे आपण पालक रोज सांगतो आणि मुले रोज खातात, हे सत्य आहे. नुसत्या नकाराने काही साधत नाही. पारख शिकवावी लागते. २०२४ च्या ऑक्टोबरात शहरात मोमो खाल्ल्यावर अनेक जण आजारी पडले आणि एका महिलेचा मृत्यू झाला. त्यानंतर तेलंगण सरकारने ३० ऑक्टोबर २०२४ रोजी कच्च्या अंड्यांपासून केलेल्या मेयोनीजवर वर्षभराची बंदी घातली. कच्चे अंडे, उष्ण हवा आणि तासन्‌तास बाहेर ठेवलेले भांडे हे तिन्ही एकत्र आले की जंतू झपाट्याने वाढतात, हे आठवीच्या विज्ञानातच आहे. लिहिण्यासाठी जाणारा मुलगा या गोष्टी पाहायला शिकेल. पाणी झाकलेले आहे का? तळणाचे तेल काळे पडले आहे का? पैसे घेणारा हात आणि वाढणारा हात एकच आहे का? अन्नसुरक्षा कायद्याखालचा चौदा आकडी परवाना किंवा नोंदणी क्रमांक कुठे लावलेला दिसतो का? याच कायद्याखालच्या २०२० च्या नियमांनुसार शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त चरबी, मीठ वा साखर असलेले पदार्थ विकता येत नाहीत. हे किती पालकांना ठाऊक आहे? या पानाच्या निमित्ताने ते सर्वांना कळेल. मुलांनी परीक्षण लिहिले म्हणून ती बाहेर जास्त खातील असे आम्हाला वाटत नाही. उलट डोळे उघडे ठेवून खातील, आणि काही ठिकाणी खाणे स्वतःहून बंद करतील.

आता पानाच्या दुसऱ्या अर्ध्या भागाकडे, घरच्या स्वयंपाकाकडे वळू. आम्हाला विचाराल तर हा भाग अधिक तातडीचा आहे.

आपण इथे काल-परवा आलेलो नाही. केशवराव कोरटकरांच्या पिढीने १९०७ साली या शहरात विवेक वर्धिनीची मुहूर्तमेढ रोवली. मराठवाडा हा हैदराबाद संस्थानाचा भाग होता. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि आपल्यापैकी अनेकांचे आजोबा-पणजोबा इथेच राहिले. नांदेड, परभणी, बीड, लातूरकडची चव आपल्या स्वयंपाकघरांत राहिली आणि तिच्या शेजारी तेलुगू चव येऊन बसली. आपल्या विद्यानगरलाच लागून दुर्गाबाई देशमुख कॉलनी आहे. राजमहेंद्रीच्या दुर्गाबाई आणि कोकणातले चिंतामणराव देशमुख यांचा विवाह १९५३ साली झाला. एक तेलुगू, एक मराठी, आणि त्यांचे नाव आपल्या शेजारी कायमचे राहिले. आपल्या ताटाचीही तीच गोष्ट आहे.

मुलांनो, एकदा शेजारच्या तेलुगू काकूंच्या ताटाशी आपले ताट जुळवून पाहा. त्यांचे बोब्बट्लु किंवा भक्ष्यालु म्हणजे आपली पुरणपोळी. कज्जिकायलु म्हणजे करंजी. जंतिकलु म्हणजे चकलीची बहीण. अरिसेलु आणि आपले अनारसे यांचे नाते नावातच दिसते. त्यांच्याकडे तीळ लावतात, आपल्याकडे खसखस. सर्वपिंडी आपल्या थालीपिठाची आठवण करून देते, फक्त तिच्यात तांदळाचे पीठ, शेंगदाणे आणि हरभऱ्याची डाळ. मराठवाड्यात भिजवलेल्या मुरमुऱ्यांची सुशीला करतात, रायलसीमेत त्यालाच उग्गानी म्हणतात आणि सोबत मिरची भजी देतात. गुढीपाडवा आणि उगादी एकाच दिवशी येतात. आपण कडुलिंबाची पाने गुळाबरोबर खातो, ते कडुलिंबाचा मोहोर, नवी चिंच, गूळ, कैरी, मीठ, तिखट एकत्र करून सहा चवींची पच्चडी करतात. भूगोल-इतिहासाचा एवढा सुंदर धडा कोणत्या पुस्तकात आहे?

पण हा धडा आज कोणाच्या हातात आहे? आजीच्या. आणि आजीची पाककृती म्हणजे 'मीठ अंदाजाने, पाणी बेताचे, भाजायचे ते वास सुटेपर्यंत'. आजी आहे तोवर ठीक. नंतर तो अंदाजही जातो. काळा मसाला विकत मिळेल, पण धान्ये आणि डाळी भाजून, मसाले घालून दळलेल्या येसराची आमटी आज किती घरांत होते? घरच्या येसराचे प्रमाण किती जणांनी लिहून ठेवले आहे? मराठीत हे लिहून ठेवण्याची परंपरा जुनी आहे. लक्ष्मीबाई धुरंधरांचे 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया' हे पुस्तक १९१० साली निघाले. कमलाबाई ओगल्यांचे 'रुचिरा' १९७० साली आले आणि घरोघरी पोचले, कारण त्यात प्रमाण वाटी-चमच्यांत दिलेले आहे. नवशिक्या सुनेला आणि परदेशी गेलेल्या मुलाला वाटी-चमच्याचे माप हाताशी असते. पण त्या पुस्तकांत हैदराबादच्या मराठी घरांची चव कशी असणार? ती आपणच लिहायची आहे.

नमुना म्हणून एक कृती देतो, म्हणजे कसे लिहावे ते कळेल. अंबाडीची भाजी, चार जणांसाठी. तेलुगूत हिला गोंगुरा म्हणतात. बाजारात लाल देठाची आणि हिरव्या देठाची अशी दोन प्रकारची मिळते. लाल देठाची अधिक आंबट असते. निवडून चिरलेली पाने चार वाट्या, तूरडाळ पाव वाटी, ज्वारीच्या किंवा तांदळाच्या कण्या दोन मोठे चमचे, शेंगदाणे दोन चमचे, लिंबाएवढा गूळ, दहा-बारा लसूण पाकळ्या, तीन-चार सुक्या लाल मिरच्या, तेल तीन मोठे चमचे, मोहरी, हिंग, हळद, तिखट, मीठ. पाने उकडून पाणी पिळून वेगळे ठेवावे, टाकू नये. डाळ, कण्या आणि शेंगदाणे एकत्र मऊ शिजवावेत. त्यात पाने घालून घोटावे. हळद, तिखट, मीठ, गूळ घालून पाच-सात मिनिटे शिजू द्यावे. आंबटपणा कमी वाटला तर बाजूला ठेवलेले पाणी थोडे घालावे. शेवटी तेलात मोहरी, हिंग, मिरच्या आणि ठेचलेला लसूण लालसर करून ती फोडणी वरून ओतावी. ज्वारीच्या भाकरीबरोबर खावी. कृतीच्या खाली दोन ओळी हव्यात: ही कोणाकडून शिकलात, आणि त्यांचे गाव कोणते. त्या दोन ओळींत घराण्याचा इतिहास येतो.

राहिली डब्यांच्या तुलनेची शंका. ती आम्हाला सर्वांत गंभीर वाटते. एखाद्या घरी रोज तूप-पोळी असेल, एखाद्या घरी भाकरी आणि ठेचा. कोणाकडे मासे-मटण होते, कोणाकडे कांदा-लसूणही चालत नाही. मधल्या सुट्टीत 'शी, काय वास येतोय' हे वाक्य ऐकलेले मूल दुसऱ्या दिवशी डबा उघडत नाही, आणि घरी जाऊन आईला ब्रेड-जॅम मागते. हे आजही होते. पान नसतानाही होते. आमचे म्हणणे असे की पान नीट चालवले तर हे कमी होईल. ठेचा-भाकरीची कृती ज्या दिवशी छापून येईल आणि खाली त्या मुलाच्या आजीचे नाव असेल, त्या दिवशी वर्गातले चार जण 'मला एक घास दे ना' म्हणतील. मात्र त्यासाठी संपादन करणाऱ्यांनी पथ्य पाळावे. महाग जिन्नसांच्या कृतींची रांग लागू देऊ नये. कोणाच्याही खाण्याला नावे ठेवणारे वाक्य छापू नये. शाकाहारी असो वा मांसाहारी, ज्या घरात जे शिजते ते सन्मानाने यावे. आणि ज्यांच्या आई-वडिलांना लिहिणे जमत नाही, त्यांच्याकडून मुलाने ऐकून लिहून आणावे. तो त्या मुलाचा गृहपाठच समजावा.

एक आग्रह आणखी. हे अर्धे पान 'मातांसाठी' असे कृपया म्हणू नये. स्वयंपाक ही एकट्या आईची जबाबदारी नाही, हे छापील शब्दांतून सांगण्याची ही चांगली संधी आहे. पाठवलेली कृती मुलाने किंवा मुलीने एकदा स्वतः करून पाहिलेली असावी. विस्तव असल्याने लहान मुलांनी मोठ्यांच्या देखरेखीखाली करावी, चौथीपर्यंतच्यांनी कोशिंबीर, भेळ, पन्हे असे बिनविस्तवाचे पदार्थ करावेत. आणि बाबांनी निदान भांडी घासायला तरी उभे राहावे!

विश्वस्त मंडळींना आमची विनंती की त्यांनी वर्षभर हे पान चालू द्यावे आणि मग निर्णय घ्यावा. वर्षाअखेरीस ज्या कृती जमतील त्यांची एक पुस्तिका स्नेहसंमेलनात काढता येईल. पालकांना विनंती की त्यांनी या रविवारी घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या व्यक्तीला स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसवावे, वाटी-चमचा हातात घ्यावा आणि एक तरी कृती प्रमाणासह उतरवून घ्यावी. आणि विद्यार्थी मित्रहो, तुमचे काम सर्वांत सोपे आणि सर्वांत अवघड. तुमच्या लेखातले 'मस्त', 'सुपर' आणि 'बकवास' हे तीन शब्द खोडा, त्यांच्या जागी नेमका शब्द लिहा, आणि लेख पुन्हा आणून द्या. आम्ही वाट पाहत आहोत.